शुद्ध शब्द ओळखता यायचा, लिहिता यायचा नाही

मराठी व्याकरणात मला कधीच प्रॉब्लेम नव्हता. असं म्हणणारी मी एकटी नाही, पुण्यात नव्या पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा, एमपीएससी करणारं प्रत्येक पोरगं हेच सांगेल की मराठी आपलं सेफ आहे, इंग्लिशचं तेवढं बघावं लागेल. 'शिपायाने चोरास पकडले', प्रयोग ओळखा. भावे. दोन सेकंद पण लागत नाहीत. खालीलपैकी शुद्ध शब्द ओळखा, चार ऑप्शन, दोन तर बघताक्षणीच उडतात, उरलेल्या दोनात कुठला जास्त विचित्र दिसतोय त्याला टिक करायचं, कारण शुद्ध शब्द बहुतेक वेळा विचित्रच दिसतो. असं करत करत चार वर्षं गेली आणि या चार वर्षांत मी पेनाने काय लिहिलं असेल तर गोल रंगवले. भाषेच्या दोन पेपरांपैकी एक वर्णनात्मक असायचा, पण त्याच्या तयारीला शेवटचे आठ दिवस, तेसुद्धा दुसऱ्याच्या नोट्स.

मग पॅटर्न बदलला. राज्यसेवा मुख्य परीक्षा पूर्ण वर्णनात्मक होणार हे २०२२ मध्ये जाहीर झालं, २०२३ पासून लागू होणार होतं, त्यावर पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, मी पण बसले होते, आणि मग ते २०२५ वर ढकललं गेलं. नऊ पेपर, लेखी १७५०, मुलाखत २७५. मराठी आणि इंग्रजी तीनशे-तीनशेचे, ते नुसते पास व्हायचे. पण निबंध अडीचशेचा, आणि तो मेरिटमध्ये धरणार. दोन वर्षं हातात होती खरं तर. पण दोन वर्षं मिळाली की माणूस पहिली दीड वर्षं कशी घालवतो हे मी वेगळं सांगायला नको.

क्लासची पहिली टेस्ट दिली, दोन निबंध, तीन तास. बाहेर आले तेव्हा हात दुखत होता आणि वाटत होतं की भारी झालं, पानंच्या पानं भरली होती. पेपर मिळाला, अडीचशेपैकी ८१. शेवटी लाल पेनाने एक ओळ, 'मुद्दे आहेत. भाषा सुधारा.' बस. भाषा सुधारा म्हणजे नक्की काय सुधारू, कुठं सुधारू, काही नाही, आत एकाही शब्दाखाली रेघ नाही. मला तर आधी वाटलं हे आमच्या बोलण्यावर आहे. मी परभणी जिल्ह्यातली, सेलूजवळचं गाव, पहिल्या वर्षी इथं मेसमध्ये 'पानी' मागितलं की समोरची पोरगी हसायची. त्यामुळे 'भाषा सुधारा' म्हटलं की माझं टाळकं आधी तिकडंच जातं. आणि गंमत अशी की त्या हसण्याच्या धास्तीने मी लिहिताना जिथं नको तिथं पण ण लावायला लागले होते. त्या पेपरात मी 'अणुभव' लिहिला होता, दोनदा.

मग मी ठरवलं की म्हणजे शुद्धलेखन. पाचशे शब्दांची एक पीडीएफ टेलिग्रामवर फिरत असते, डावीकडे अशुद्ध उजवीकडे शुद्ध, ती महिनाभर पाठ केली. पुढच्या टेस्टला ८४. महिन्याला तीन मार्क. रूममेट म्हणाली या स्पीडने तू पस्तिशीत पोस्ट काढशील.

आमची अभ्यासिका पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली एक छोटं वाचनालय, सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात तसलं. तिथं एक काका रोज यायचे, पेपर वाचता वाचता त्याच्यावर पेन्सिलीने काहीतरी करायचे, मला वाटायचं कोडं सोडवतायत. एकदा मी खाली बाकावर तो ८४ वाला पेपर घेऊन बसले होते, ते शेजारी येऊन बसले, चष्मा वर करून माझ्या मांडीवरच्या पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "महत्त्वात दोन त असतात. या पानावर तुम्ही तीनदा लिहिलंय आणि तीनदा एकच त आहे. आणि तुमच्या तपासनीसाने एकदाही धरलेलं नाही."

मला राग आला, कारण हा शब्द मला येतो. महत् अधिक त्व, महत्त्व. तत् अधिक त्व, तत्त्व. ऑप्शनमध्ये आला तर झोपेत टिक करेन. मी तसं म्हणाले पण. ते म्हणाले, "मग लिहिला का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता आहे. ओळखायचा डोळा वेगळा आणि लिहायचा हात वेगळा, आणि माझ्या हाताला चार वर्षं कुणी काही शिकवलंच नव्हतं.

काका मुद्रितशोधक होते, प्रूफरीडर. खिळे जुळवायच्या छापखान्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं आयुष्य त्यातच. पेपरावर पेन्सिलीने ते कोडं सोडवत नव्हते, चुका काढत होते, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी. मला म्हणाले, सवय आहे, जात नाही, बायको म्हणते लग्नपत्रिका हातात घेतली की तुम्ही आधी मुहूर्त बघत नाही, वेलांट्या बघता. मी म्हटलं काका माझे पेपर बघाल का. ते म्हणाले बघतो, पण लाल पेन नाही वापरणार, आणि बरोबर काय ते सांगणार नाही, नुसती खूण करेन. तू शोध.

तर पहिला महिना नुसता या खुणांचा. माझ्या निबंधात ते समासात एक बारीक फुली मारायचे, म्हणजे या ओळीत काहीतरी आहे. कुठल्या शब्दात, ते सांगायचं नाही. मी ती ओळ घेऊन बसायचे. त्यांनी मला जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून एक पट्टी दिली, मधे एका ओळीएवढी खिडकी, ती पानावर ठेवायची म्हणजे एकच ओळ दिसते, आणि पान खालून वर वाचायचं, शेवटच्या ओळीपासून. मला हे येडपटपणाचं वाटलं होतं. पण सरळ वाचलं की अर्थ पुढं ओढत नेतो, आपल्याला काय म्हणायचं होतं तेच आपण वाचतो, काय लिहिलंय ते वाचतच नाही. उलटं वाचलं की अर्थ तुटतो, मग शब्द नुसता शब्द म्हणून दिसतो. पहिल्या दिवशी त्या पट्टीने मला माझ्याच दोन पानांत सतरा चुका सापडल्या. म्हणजे मला येत असलेल्या गोष्टींच्या सतरा चुका.

मग त्या चुकांची वही केली. पीडीएफ नाही, फक्त माझ्या चुका. आणि इथं एक शोध लागला की माझ्या चुका पाचशे नाहीतच, चाळीस-पंचेचाळीस शब्द आहेत आणि तेच तेच फिरून येतात. 'पारंपारिक' लिहायचे, आहे पारंपरिक, कारण परंपरा. 'दुरावस्था' लिहायचे, आहे दुरवस्था, दुर् अधिक अवस्था, त्यात 'आ' येणार कुठून. 'स्त्रोत' लिहायचे, आहे स्रोत, तिथं त नाहीच. महत्त्वाची धास्ती बसली म्हणून मग 'नेतृत्त्व' लिहायला लागले, तिथं त एकच. व्यक्तिमत्त्वात दोन, नेतृत्वात एक, कर्तृत्वात एक. परीक्षेतला री दीर्घ, परिस्थितीतला रि ऱ्हस्व, कारण परीक्षेत परि आणि ईक्षा आहे, दोन इ एकत्र येऊन दीर्घ झाली. ही असली कारणं मी वहीत तिसऱ्या रकान्यात लिहायचे, कारण असलं की शब्द परत चुकत नाही. नुसता पाठ केला की चुकतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं तर मला आयुष्यभर वाटत आलं होतं की हे नशिबावर आहे. काकांनी ते कानावर आणलं. म्हणाले, जमीन म्हण. म्हटलं. आता जमिनी म्हण. म्हटलं. काय झालं? मी म्हटलं काय झालं? "परत म्हण, हळू." जमीऽन. जमिनी. खरंच, पहिल्यात 'मी'वर रेंगाळले, दुसऱ्यात 'मि'वरून पळत जाऊन 'नी'वर थांबले. गरीब, गरिबी. वकील, वकिलाला. दूध, दुधाचा. पूल, पुलावर. तोंड आपोआप करतं ते, नियम नंतर लिहिलाय. मी हे नियम कलमासकट पाठ केले होते, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य ऱ्हस्व वगैरे, पण ते माझ्या तोंडातच बसलेले आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. मग मी शहाणपणाने विचारलं, मग शरीर? 'शरिराला' का नाही? ते म्हणाले, "ते संस्कृतातून जसंच्या तसं आलंय. ते घरातल्या जावयासारखं, त्याला आपले नियम लागू नाहीत." शरीर, शरीराला. जीवन, जीवनात. एवढ्या एका जावयाच्या वाक्यावर माझं तत्सम-तद्भव प्रकरण कायमचं बसलं.

आणि एक, हे नियम आभाळातून पडलेत असं मला वाटायचं. काका छापखान्यात लागले तेव्हा नियम नवेनवे होते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने १९६२ ला मान्य केले, १९७२ ला आणखी चार, एकूण अठरा. त्याआधी नांव, कांहीं, शेतांत असं सगळं अनुस्वार देऊन लिहायचे, उच्चार नसला तरी. जुने लेखक नियम आल्यावर पण तसंच लिहून पाठवायचे, आणि काकांचं सुरुवातीचं काम काय, तर टिंबं काढायची. "दिवसभर कापूस वेचल्यासारखी टिंबं वेचायचो," असं म्हणाले. मी कापूस वेचलेला आहे, त्यामुळे मला ते फार आवडलं. म्हणजे शुद्ध काय हे माणसांनी बसून ठरवलंय, आणि त्यावर त्यांची भांडणं पण झालीयत. तेव्हापासून मला त्याची भीती वाटेनाशी झाली, आणि 'पानी'ची लाज पण थोडी कमी झाली. बोलायला पानी, लिहायला पाणी, दोन्ही माझंच आहे.

इथपर्यंत मला वाटलं काम झालं. फुल्या कमी होत होत पानाला दोन-तीनवर आल्या. टेस्ट दिली. ८८.

मी पेपर काकांच्या पुढ्यात टाकला, जरा तोऱ्यातच, म्हटलं बघा, चूक दाखवा. विषय होता स्थलांतर, निवड की सक्ती. त्यांनी पहिलं पान वाचलं, फुली मारली नाही, आणि एक वाक्य मला मोठ्याने वाचायला सांगितलं. ते वाक्य मी जसंच्या तसं देते, माझी लाज मलाच:

'महाराष्ट्रातील मराठवाडा विभागातील ग्रामीण भागातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाच्या समस्यांच्या संदर्भात शासनाच्या माध्यमातून विविध उपाययोजना राबविण्यात येत असल्याचे दिसून येते.'

एकही वेलांटी चुकलेली नाही. वाचताना मधे दम लागला, तरी वाचलं. काका म्हणाले, "यात कोण काय करतंय?"

मी म्हटलं शासन उपाययोजना राबवतंय. "शासन कुठंय?" माध्यमातून. "म्हणजे शासनाच्या माध्यमातून कोणीतरी दुसराच राबवतोय. तो कोण?" गप्प. "दिसून येते. कोणाला दिसून येते?" गप्प. "तुला दिसलंय का?"

मला. दिसलंय का. आमच्या गावातून दर वर्षी दिवाळी झाली की चार-पाच घरं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जातात. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मजूर नेणारा मुकादम मोजतो ते माणसं नाही मोजत, कोयते मोजतो. माझ्या वर्गातली एक मुलगी पाचवीला सहामाही झाली की जायची ती गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची, सहावीला गेली ती आलीच नाही. हे मला दिसलेलं आहे. आणि मी लिहिलं काय, तर 'समस्यांच्या संदर्भात'.

"शिपायाने चोरास पकडले, प्रयोग कुठला?" काकांनी विचारलं. मी म्हटलं भावे. "आणि शिपायाकडून चोर पकडला गेला?" नवीन कर्मणी. "पाठ आहे तुला. आता तुझ्या या पानावर शिपाई शोध."

त्या रात्री मी पेन्सिल घेऊन सहा पानांत प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधला. चौसष्ट वाक्यांतल्या एकेचाळीस वाक्यांत कर्ता म्हणून माणूस नव्हताच. करण्यात येते, दिसून येते, मानले जाते, आवश्यक आहे, गरजेचे ठरते, काळाची गरज आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. हे सगळं मी कुठून शिकले तर जीआर वाचून, नोट्स वाचून आणि एकमेकांचे निबंध वाचून. आम्हाला सगळ्यांना वाटतं की हीच अधिकाऱ्याची भाषा, अधिकारी व्हायचं तर असंच लिहायचं. आणि ती भाषा लिहायला भयंकर सोपी आहे हो, कारण तिच्यात कोणी काय केलं हे माहीत असावंच लागत नाही. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगायचं तर जरा हललेच मी. मी 'शासनाच्या माध्यमातून विविध उपाययोजना' लिहिलं कारण मला त्या उपाययोजना माहीतच नव्हत्या. कर्ता घालायला गेले तर माहिती नाही हे उघडं पडलं. मग शोधलं. साखरशाळा, म्हणजे कारखान्याच्या तळावर पोरांसाठी भरणारी शाळा. हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरांनी गावातच राहून शाळा करायची, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय शाळेने बघायची. एवढं कळल्यावर वाक्य आपोआप तुटलं:

'दिवाळी झाली की आईवडील कारखान्याची वाट धरतात. मुलांपुढे दोन पर्याय उरतात: त्यांच्याबरोबर जाऊन तळावरच्या साखरशाळेत बसायचे किंवा गावात हंगामी वसतिगृहात राहायचे. दोन्हींपैकी काहीच झाले नाही तर पाचवीतली मुलगी लहान भावाला सांभाळायला फडात जाते आणि तिची शाळा तिथेच थांबते.'

काका हे वाचून म्हणाले 'दोन्हींपैकी' ऐवजी 'दोहोंपैकी' चाललं असतं. बाकी काही बोलले नाहीत. मी ते कौतुक समजले.

एक तोटा पण सांगते. या नादात मी पुढच्या टेस्टला निबंधाची गोष्टच करून टाकली, सगळा निबंध त्या मुलीवर, सोबत फड, पाचट, थंडी. मार्क ७६. रिमार्क, 'विश्लेषण नाही.' आणि बरोबर होता रिमार्क. काका पण म्हणाले, तुला माणूस शोधायला सांगितलं होतं, कादंबरी लिहायला नाही. ती मुलगी दोन ओळीच पुरते, पुढं तुला सांगावं लागेल की मग निवड की सक्ती.

त्यानंतरचं काम तसेच-चं. माझ्या प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात तसेच, त्याचप्रमाणे, याशिवाय, दुसरीकडे. एका निबंधात तसेच एकोणीस वेळा होतं, काकांनी गोल करून मोजलेलं. आणि 'मात्र'. वाक्याच्या सुरुवातीला मात्र आणि पुढं स्वल्पविराम, हे त्यांना अजिबात चालायचं नाही. म्हणायचे मात्र हा शब्द कुणाच्या तरी मागे उभा राहणारा आहे, शेतकरी मात्र, पाऊस मात्र, त्याला एकट्याला दारात उभा करू नका. (हे सगळ्यांना पटणार नाही, पेपरात रोज दारातच उभा असतो तो. पण मला पटलं.) स्वल्पविराम म्हटला की ते हमखास कँडीसाहेबाचं सांगायचे, मोल्सवर्थच्या शब्दकोशावर काम केलेला तो थॉमस कँडी, त्याने इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत आणली. "साहेबाने आणली म्हणून प्रत्येक ओळीत वापरायला पाहिजेत असं नाही."

तर तसेच. त्यांनी सांगितलं, निबंधाची झेरॉक्स काढ, परिच्छेद कात्रीने काप, सुरुवातीचे तसेच-बिसेच काट, पत्ते पिसल्यासारखे पिस आणि रूममेटला दे लावायला. मी दिले. तिने भलत्याच क्रमाने लावले, आणि निबंध तरी नीट वाचता येत होता. मी आधी खूश झाले, म्हटलं बघा कसाही लावा चालतो. मग लक्षात आलं की हीच तर बोंब आहे. शिक्षण, आरोग्य, महिला, पर्यावरण, सगळे परिच्छेद आपापले सुटे, एकातून दुसरा निघतच नाही, तसेच ने नुसते टाचणीने टाचलेले. नीट जमला असता तर तिला तो दुसऱ्या क्रमाने लावताच आला नसता. हा कात्रीचा खेळ मी अजून करते, महिन्यातून एकदा. आता ती दहातले सात-आठ तुकडे बरोबर लावते.

हिंदीचं पण एक आहे, थोडक्यात सांगते. आमचे अर्धे लेक्चर यूट्यूबवर हिंदीत, दिवसभर कानात तेच. मग हातातून 'शेतकऱ्यांची मदत करणे' येतं, शेतकऱ्यांना मदत करणे नाही येत. 'त्यांच्यासोबत बोलून' येतं, त्यांच्याशी नाही. 'जोर दिला' येतं, भर दिला नाही. हे शुद्धलेखनाच्या कुठल्याच पीडीएफमध्ये नसतं कारण शब्द सगळे शुद्धच असतात. यावर काकांकडे पण उपाय नव्हता. उपाय घरी सापडला.

माझी आई चौथी शिकलेली. मी रोज रात्री फोन करते. एकदा बोलायला काही नव्हतं म्हणून म्हटलं थांब तुला माझा निबंध वाचून दाखवते. आई भाजी निवडत होती, म्हणाली वाच. मी वाचत गेले आणि ती मधेच, "कोन गं?" मी म्हटलं काय कोण? "आत्ता म्हनलीस न्हवं, भर देन्यात आला. कोन दिला?" मी फोन धरून हसत सुटले. काकांची आणि तिची आयुष्यात गाठ नाही. आणि 'शेतकऱ्यांची मदत' वाचलं तेव्हा ती म्हणाली, "शेतकऱ्यायनी केली का शेतकऱ्यायला केली?" झालं. त्या दिवसापासून प्रत्येक निबंधाचं पहिलं पान आईला फोनवर. ती जिथं 'हं' म्हणायची थांबते तिथं मी पेन्सिलीने खूण करते. बहुतेक वेळा तिथं वाक्य तीन ओळींचं झालेलं असतं. आणि ती विचारते त्या ठिकाणी मी जे उत्तर देते ना, फटकन, विचार न करता, ते वाक्य लिहिलेल्या वाक्यापेक्षा चांगलं असतं. तेच खाली लिहून घ्यायचं, हाय चं आहे करायचं, बास.

स्पीडचा मोठा घोळ झाला होता मधे. इतकं सगळं डोक्यात घेऊन लिहायला बसलं की हात अडखळतो, हा री दीर्घ का, इथं कर्ता कुठंय, हे परत तसेच आलं का, असं करत एका टेस्टला दुसरा निबंध अर्धाच राहिला. रडकुंडीला आले होते. काका म्हणाले, छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवायचा आणि मी प्रूफ बघायचो, दोघं एका खुर्चीत बसलो असतो तर पेपर निघालाच नसता. लिहिताना लिही, बघताना बघ. आता मी शेवटची बारा मिनिटं राखून ठेवते, आणि त्यात सगळं नाही बघत, वहीतल्या त्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा आलेल्या पाचच गोष्टी बघते. पट्टी परीक्षेत नेता येणार नाही म्हणून तळहात आडवा धरून वाचायची सवय केलीय, खालून वर. बाकीचे वर्गात माझ्याकडे बघतात की ही पेपर उलटा का वाचतेय.

मार्कांचं विचाराल तर शेवटच्या तीन टेस्ट ९७, १०४, १०१. हे काही डोळे दिपवणारं नाही, आमच्याच बॅचमध्ये एकशे वीसवाले आहेत, त्यांचं वाचन माझ्यापेक्षा खूप जास्त आहे आणि ते कात्रीने भरून निघत नाही. तपासणारा बदलला की पाच-सात मार्क इकडंतिकडं होतात हे पण आहे. पण रिमार्क बदलले. मागच्या पेपरावर तपासणाऱ्याने समासात 'हे कशावरून?' असं विचारलं होतं. मला बरं वाटलं. म्हणजे त्याने वाचलं, आणि त्याला माझ्याशी वाद घालावासा वाटला.

आमच्या अभ्यासिकेच्या दारावर मी आल्यापासून एक बोर्ड आहे, 'सुचना: मोबाईल सायलेंट ठेवावा. डब्बा खाऊन बाक पूसावा.' चार वर्षं मी त्याच्याखालून रोज गेले आणि मला काही दिसलं नाही. गेल्या महिन्यात एका रात्री शेवटी मीच राहिले होते, स्केचपेन होतं, खुर्चीवर चढले आणि सूचना चा सू दीर्घ केला, पुसावा चा पु ऱ्हस्व केला, डब्ब्यातला एक ब खोडला. सकाळी मालक ओरडले, बोर्ड कुणी खराब केला, सीसीटीव्ही बघतो म्हणाले. मी खाली जाऊन काकांना सांगितलं. ते जिना चढून वर आले, गुडघे दुखतात तरी, चष्मा वर करून बोर्ड वाचला, मग खिशातून पेन्सिल काढली आणि बोर्डच्या कडेला एक बारीक फुली मारून खाली निघून गेले.

मी अजून शोधतेय.